चार मेणबत्त्यांचे वर्तुळ : एका अर्वाचीन प्रथेचा इतिहास

नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांत अनेक कॅथलिक घरांमध्ये हिरव्या फांद्यांचे एक कडे मांडले जाते, त्यात चार मेणबत्त्या उभ्या केल्या जातात आणि पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन अशा चढत्या क्रमाने त्या पेटवून त्यांच्या उजेडात सारे कुटुंब प्रार्थनेला बसते. इंग्रजीत या कड्याला ‘ॲडव्हेंट रीथ’ म्हणतात. ‘रीथ’साठी मराठीत रूढ असलेला ‘पुष्पचक्र’ हा शब्द येथे वापरला तर घोटाळा होतो, कारण मराठी वाचकाच्या मनात पुष्पचक्राची सांगड हुतात्म्याच्या स्मारकाशी किंवा पार्थिवाशी घातलेली असते आणि या कड्यात तर बहुधा फुले नसतातच. ‘ॲडव्हेंट’ हा शब्द ‘येणे’ या अर्थाच्या ‘आद्वेन्तुस’ या लॅटिन शब्दावरून आला असून त्या काळाला मराठी ख्रिस्ती समाज ‘आगमनकाळ’ म्हणतो. त्याला अनुसरून प्रस्तुत विवेचनात ‘आगमनचक्र’ हा शब्द योजला आहे. या चक्राकडे पाहणाऱ्याला ते फार प्राचीन असावे आणि चर्चच्या वेदीवरून ते घरात उतरले असावे असे सहज वाटते. प्रत्यक्षात ते दोनशे वर्षांचेही जुने नाही, त्याचा जन्म लुथरन पंथीयांच्या एका बालगृहात झाला आणि कॅथलिक चर्चच्या अधिकृत प्रार्थनाग्रंथात त्याला जागा मिळाली ती सामान्य कुटुंबांनी ते आपलेसे केल्यानंतर, पुष्कळ उशिरा.

आगमनकाळ मात्र खरोखरच प्राचीन आहे. पाचव्या शतकात गॉल प्रांतातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, तूर या नगरीचे बिशप पेर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करावा असा दंडक घातला होता, आणि सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माकों येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सोमवार, बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे वार ठरवून दिले. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा नमुना यामागे होता. रोमची परंपरा तुलनेने सौम्य होती. तेथे हा काळ चार रविवारांपुरता आटोपता झाला आणि पुढे पश्चिमेकडील बहुतेक सर्व ख्रिस्ती जगाने तोच हिशेब स्वीकारला, तर मिलान येथील आम्ब्रोसी उपासनापद्धतीत आजही सहा रविवार पाळले जातात. या साऱ्या शतकांत प्रार्थना, उपवास, वस्त्रांचे रंग यांविषयी नियम झाले, परंतु दर आठवड्याला एक दिवा वाढवीत नेण्याचा विधी रोमन उपासनाग्रंथांत कोठेही सांगितलेला नव्हता. आल्प्स पर्वताच्या परिसरातील कॅथलिक गावांत आगमनकाळात पहाटेच्या अंधारात केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात होणारी, मरियेच्या सन्मानार्थ अर्पण केलेली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, जिला तिच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून ‘रोराते’ म्हणत, ती भावनेच्या दृष्टीने आगमनचक्राच्या जवळची खरी. तरीही तीत दिवसांची मोजदाद नव्हती, आणि मोजदाद हाच तर चक्राचा प्राण आहे.

ही मोजदाद सुरू झाली ती हँबर्ग या उत्तर जर्मन बंदराच्या वेशीवर. योहान हिन्रिख विखर्न (१८०८–१८८१) हा तरुण लुथरन धर्मशास्त्रज्ञ शहरातील गरीब वस्त्यांमध्ये रविवारच्या शाळेचे काम करीत असता, रस्त्यावर वाढणाऱ्या, चोऱ्यामाऱ्यांत सापडलेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलांसाठी तुरुंगाहून निराळी जागा हवी अशा निष्कर्षाला आला. कार्ल झीफेकिंग या हँबर्गच्या उच्च अधिकाऱ्याने हॉर्न या खेड्यातील आपले एक जुने घर जमिनीसह त्याच्या हवाली केले आणि १८३३ मध्ये ‘राउहेस हाउस’ ही संस्था तेथे सुरू झाली. या नावाचा शब्दशः अर्थ ‘खडबडीत घर’ असा होत असला तरी ते एखाद्या पूर्वीच्या मालकाच्या आडनावावरून पडले असावे असे एक मत आहे. विखर्नने येथे कोंडवाड्याची शिस्त ठेवली नाही. सुमारे बारा मुलांचे एक कुटुंब, त्यांच्यासोबत राहणारा एक ‘भाऊ’, हाताला सुतारकी, शेती किंवा छपाईसारखे काम आणि दिवसाच्या दोन्ही टोकांना प्रार्थना, अशी या घराची घडण होती. त्यातील ‘भाऊ’ ही संकल्पना पुढे फार महत्त्वाची ठरली.

नाताळ कधी येणार हे मुले रोज विचारीत आणि विखर्नने त्या प्रश्नाचे उत्तर दिव्यांनी दिले, असे या संस्थेची परंपरा सांगते. १८३९ च्या आगमनकाळात त्याने प्रार्थनागृहात लाकडाचे एक मोठे कडे टांगले, काहींच्या मते ते गाडीचे जुने चाक होते, आणि त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी वीस लहान तांबड्या व रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक मेणबत्ती अधिक पेटे आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी सारे कडे उजळून निघे. परंपरेतील असे आकडे नेहमीच विश्वसनीय असतात असे नाही, पण हा आकडा पंचांगाशी ताडून पाहता येतो. १८३९ मध्ये २५ डिसेंबर हा दिवस बुधवारी आला होता, त्यामुळे आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला पडला आणि तेथून २४ डिसेंबरपर्यंत मोजले असता चार रविवार व वीस इतर वार, असे बरोबर चोवीस दिवस भरतात. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान ज्यांच्या घरी कधी लागलेच नव्हते अशा मुलांसाठी हे कडे म्हणजे डोक्यावर टांगलेली दिनदर्शिका होती. मुलांना त्यावरून अंकगणित शिकता येत होते, प्रतीक्षा शिकता येत होती आणि थोडे धर्मशास्त्रही. हिरव्या फांद्या त्या वेळी कड्यावर नव्हत्या. प्रार्थनागृह आणि पुढे खुद्द कडे देवदाराच्या कुळातील फर वृक्षाच्या डहाळ्यांनी सजवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, साधारण १८६० पर्यंत, रुळली; म्हणजे आज ज्या हिरवाईला चक्राचे मुख्य लक्षण मानले जाते आणि जिच्यात अनंत जीवनाचे प्रतीक पाहिले जाते, ती मूळ कल्पनेच्या मागाहून आलेली सजावट आहे.

चोवीस मेणबत्त्यांचा हिशेब एका बालगृहाला परवडावा, यामागे रसायनशास्त्राचाही थोडा हात आहे. मधमाश्यांच्या मेणाची बत्ती महाग आणि बहुतांशी चर्चच्या वेदीपुरती राखलेली, तर जनावरांच्या चरबीची बत्ती स्वस्त पण धुरकट व दुर्गंधी, अशी जुन्या युरोपची स्थिती होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने चरबीच्या घटकांचा उलगडा केल्यानंतर १८२५ मध्ये स्टिअरिनच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले गेले, १८३० नंतर तिचे कारखाने निघाले आणि १८५० नंतर पॅराफिन मेणामुळे ती आणखी स्वस्त झाली. नाताळच्या झाडावरील दिवे आणि आगमनचक्र या दोन्ही प्रथा सर्वसामान्य घरांत पसरल्या त्या याच कालखंडात. केवळ शोभेसाठी किंवा दिवस मोजण्यासाठी बत्ती जाळणे ही त्यापूर्वी श्रीमंती चैन होती.

विखर्नचे नाव जर्मनीभर झाले ते १८४८ साली, जेव्हा विटेनबर्ग येथील सभेत त्याने ‘इनर मिशन’ची, म्हणजे परदेशी धर्मप्रसाराऐवजी आपल्याच देशातील दरिद्री व धर्मापासून तुटलेल्या लोकांमध्ये करावयाच्या सेवेची हाक दिली. राउहेस हाउसमध्ये तयार झालेले ‘भाऊ’ अनाथालये, रुग्णालये आणि वस्त्यांमधील सेवाकेंद्रांत पांगले, १८५८ मध्ये विखर्नने बर्लिनमध्ये योहानेसस्टिफ्ट ही आणखी एक संस्था उभारली, आणि या जाळ्यातून कड्याची प्रथाही प्रवास करीत राहिली. प्रार्थनागृहाच्या छताला टांगलेले हे प्रचंड कडे मध्यमवर्गीय दिवाणखान्यातील मेजावर येऊ लागले तेव्हा मात्र चोवीस मेणबत्त्यांना जागा पुरेना. रोजच्या लहान बत्त्या गळून पडल्या आणि रविवारच्या चार तेवढ्या उरल्या. या काटछाटीत प्रथेचे स्वरूप पुरते बदलले. रोजची गणना आठवड्याची झाली, संस्थेचा विधी कुटुंबाचा झाला, आणि रोज एक दार उघडण्याची जी दिनदर्शिका विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत छापली जाऊ लागली तिने लहान बत्त्यांचे काम आपल्याकडे घेतले.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. आगमनचक्र हे ख्रिस्तपूर्व जर्मन टोळ्यांच्या सूर्यचक्राचे किंवा मध्यहिवाळ्यातील अग्निपूजेचे अवशेष आहे, असे पुष्कळ पुस्तकांत ठामपणे लिहिलेले आढळते, आणि कॅथलिक लेखकांनीही ते मोकळेपणाने उचलले. ऑस्ट्रियात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फ्रान्सिस वायझर यांनी अमेरिकेत लिहिलेल्या सणांविषयीच्या पुस्तकांत चक्राचा उगम काही शतकांपूर्वीच्या पूर्व जर्मनीतील लुथरन लोकांकडे नेऊन त्याचा धागा जुन्या लोकदिव्यांशी जोडला आहे. या मताला १८३९ पूर्वीचा म्हणावा असा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. प्रत्येक लोकप्रथेच्या तळाशी एखादी प्राचीन दैवतकथा असलीच पाहिजे, हा एकोणिसाव्या शतकातील जर्मन लोकविद्येचा आवडता ग्रह होता, आणि विसाव्या शतकात नाझी राजवटीने तो राजकीय हेतूने वापरला: आगमनकाळाला ‘नाताळपूर्व काळ’ असे बिनधर्मी नाव देण्यात आले आणि चक्राला सूर्याच्या परतण्याचे चिन्ह ठरवून त्यातील ख्रिस्त पुसण्याचा प्रयत्न झाला. लोकविद्येचे अभ्यासक हेर्मान बाउझिंगर यांनी १९७० च्या दशकात आगमनचक्र हेच उदाहरण घेऊन प्राचीनतेचा हा आभास कसा तयार होतो ते दाखवून दिले. वर्तुळ, हिरवी पाने आणि दिवा या तिन्ही गोष्टी जगात सर्वत्र आढळतात. त्यांच्या साम्यावरून वंशावळ मांडणे हा इतिहास नव्हे.

कॅथलिक जर्मनीने ही प्रथा स्वीकारायला जवळपास नव्वद वर्षे घेतली. दोन्ही पंथांची गावे, शाळा, वृत्तपत्रे, संस्था वेगळ्या होत्या आणि १८७० च्या दशकात बिस्मार्कच्या सरकारने कॅथलिक चर्चविरुद्ध चालवलेल्या संघर्षाने ही दरी आणखी रुंदावली होती, त्यामुळे लुथरन घरातील वस्तू कॅथलिक घरात येणे सोपे नव्हते. नाताळच्या झाडाकडेही कॅथलिक प्रदेशांत प्रदीर्घ काळ परक्याची वस्तू म्हणून पाहिले गेले. पहिल्या महायुद्धाने पंथापंथांतील तरुणांना एकत्र आणले आणि त्यानंतर दोन चळवळींनी वाट मोकळी केली. एक होती निसर्गाकडे, लोकगीतांकडे व सामूहिक जीवनाकडे ओढ घेणारी युवक चळवळ. दुसरी होती उपासना चळवळ, म्हणजे धर्मविधी हा केवळ धर्मगुरूचा व्यवसाय नसून साऱ्या समुदायाची कृती आहे हे पुन्हा बिंबवू पाहणारी चळवळ, जिची केंद्रे मारिया लाखचा बेनेडिक्टिन मठ आणि रोमानो ग्वार्दिनी यांच्यासारखे विचारवंत होते. १९२५ मध्ये कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये आगमनचक्र प्रथम टांगले गेल्याची आणि १९३० मध्ये ते म्युनिकमध्ये पोहोचल्याची नोंद सर्वत्र दिली जाते. या कड्याला कोणताही मंत्र नव्हता, धर्मगुरू लागत नव्हता, त्यावर कोणा संताची मूर्ती नव्हती, म्हणून पंथीय वादाला त्यात पकडण्याजोगे काहीच नव्हते. ज्या मोकळेपणामुळे ते निरुपद्रवी ठरले, त्याच मोकळेपणात पुढे कॅथलिकांनी आपली प्रार्थना भरली.

ती भरण्याचे काम मुख्यत्वे अमेरिकेत आणि मुख्यत्वे मातांनी केले. नाझी जर्मनीतून निघून मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या तेरेझे म्युलर यांनी ‘फॅमिली लाइफ इन क्राइस्ट’ ही पुस्तिका १९४१ मध्ये लिहिली, ती कॉलेजव्हिल येथील बेनेडिक्टिन मठाच्या प्रकाशनगृहाने काढली, आणि कुटुंब हे चर्चचे लहान रूप असून चर्चचे वर्ष घरातही जगले पाहिजे असा तिचा आग्रह होता. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९६५ च्या चित्रपटामुळे ज्यांचे नाव जगभर झाले त्या मारिया फॉन ट्राप यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आपल्या ऑस्ट्रियन घरातील वर्षभराचे सण मांडताना आगमनचक्राला ठळक स्थान दिले. त्याच दशकात मेरी रीड न्यूलंड यांच्यासारख्या अमेरिकेत वाढलेल्या लेखिकांनीही मुलांसह घरी पाळावयाच्या धार्मिक वर्षावर लिहिले. उपनगरांत नव्याने घरे बांधणाऱ्या, आजोळच्या गावापासून आणि वांशिक वस्तीच्या चर्चपासून दुरावलेल्या तरुण कॅथलिक दांपत्यांना परंपरा हवी होती आणि ती पुस्तकातून घ्यावी लागत होती. म्हणून जर्मनीत जी प्रथा पाहून शिकली जाई ती अमेरिकेत वाचून शिकली गेली. परंपरेच्या अभिमान्यांना हे रुचो वा न रुचो, आज जगभर दिसणारे कॅथलिक आगमनचक्र हे बऱ्याच अंशी या पुस्तकांचे अपत्य आहे.

या पुस्तकांनी घालून दिलेला कौटुंबिक विधी साधा होता. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी जेवणापूर्वी घरातील दिवे मालवले जात, पहिल्या आठवड्यात वडील चक्रावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वादाची प्रार्थना म्हणत, आणि मेणबत्ती पेटवण्याचा मान पहिल्या आठवड्यात सर्वांत धाकट्या मुलाला, दुसऱ्यात थोरल्याला, तिसऱ्यात आईला व चौथ्यात वडिलांना दिला जाई. त्यानंतर म्हणावयाची प्रार्थना नव्याने रचलेली नव्हती. त्या त्या रविवारच्या मिस्सेतील आरंभीची प्रार्थनाच इंग्रजीत उतरवून घेतलेली होती. त्या काळच्या मिस्साग्रंथात आगमनकाळाच्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या रविवारची प्रार्थना ‘एक्सिता’ या शब्दाने सुरू होत असे. त्याचा अर्थ ‘जागव’, ‘चेतव’. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केला आणि लोकभाषांना वेदीवर वाट मिळाली, परंतु त्यापूर्वी वीस वर्षे अमेरिकेतील जेवणाच्या मेजावर लहान मुले हीच प्रार्थना आपल्या भाषेत म्हणत होती, तर सकाळी चर्चमध्ये तिचे लॅटिन मूळ त्यांच्या डोक्यावरून जात होते. महासभेच्या सुधारणांचा इतिहास लिहिताना धर्मशास्त्रज्ञांची नावे येतात. या मेजाचा उल्लेख सहसा येत नाही, आणि तो यायला हवा.

रंगांची कथाही अशीच उशिराची आहे. विखर्नच्या कड्यावर जांभळी मेणबत्ती नव्हती आणि जर्मन घरांत आजही चारही मेणबत्त्या बहुधा तांबड्या असतात. तीन जांभळ्या व एक गुलाबी हा आज ‘कॅथलिक’ म्हणून ओळखला जाणारा संच धर्मगुरूच्या वस्त्रांवरून घेतला आहे: आगमनकाळाचा रंग जांभळा, आणि तिसऱ्या रविवारी, ज्याला ‘आनंद करा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘गाउदेते’ म्हणतात, प्रतीक्षेचा निम्मा पल्ला ओलांडल्याच्या हर्षात गुलाबी वस्त्र घालण्याची मुभा. पहिली मेणबत्ती संदेष्ट्यांची, दुसरी बेथलेहेमची, तिसरी मेंढपाळांची, चौथी देवदूतांची, किंवा अनुक्रमे आशा, शांती, आनंद व प्रेम यांची, असे जे अर्थ प्रवचनांतून सांगितले जातात ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळायचे कारणही नाही, कारण मूळ मेणबत्तीला फक्त एकच अर्थ होता: आणखी एक रविवार झाला.

अधिकृत मान्यता सर्वांत शेवटी आली. आशीर्वादविधींचा नवा रोमन ग्रंथ १९८४ मध्ये निघाला आणि त्याच्या अमेरिकेसाठी १९८९ मध्ये सिद्ध झालेल्या आवृत्तीत आगमनचक्राच्या आशीर्वादाचा स्वतंत्र विधी घालण्यात आला. तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती ही रीत सांगूनही चारही जांभळ्या किंवा पांढऱ्या चालतील अशी सूट त्यात आहे, आणि चर्चमध्ये चक्र ठेवताना त्याने वेदी झाकली जाऊ नये अशी ताकीदही आहे. घरातली वस्तू चर्चमध्ये आल्यावर पुढाकार घेऊ लागते, हे त्या ताकिदीवरून कळते. लोकभक्तीविषयी रोमने २००१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेने विशेषतः जर्मन भाषक देशांतील व उत्तर अमेरिकेतील ख्रिस्ती घरांचा उल्लेख करून, एकेका दिव्याने वाढणाऱ्या या प्रकाशात तारणाच्या इतिहासातील टप्पे पाहिले.

महाराष्ट्रातील कॅथलिक समाजापर्यंत चक्र कोणत्या वाटेने आले असावे, याचा विचार करताना दोन वाटा सहज बाद होतात. वसईतील पोर्तुगीज अंमल चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये संपवला, आणि हँबर्गचे पहिले कडे त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी टांगले गेले. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले तरी पोर्तुगालच्या परंपरेत नाताळचा गोठा व मध्यरात्रीची मिस्सा होती, फरच्या डहाळ्यांचे कडे नव्हते. दुसरी वाट अधिक मोहात पाडणारी आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई मिशनचा कारभार जर्मन जेझुइटांकडे होता, त्यांनी १८६९ मध्ये मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज काढले आणि नगर जिल्ह्यातील मराठी भाषक खेड्यांतही काम केले. परंतु पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले तेव्हा खुद्द कॅथलिक जर्मनीनेच आगमनचक्र अजून स्वीकारलेले नव्हते. जी वस्तू त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये नव्हती ती ते येथे आणू शकत नव्हते. तेव्हा उरते ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी प्रार्थनापुस्तकांची वाट, आणि तीन जांभळ्या व एक गुलाबी हा जो संच येथे दिसतो तो जर्मन नसून अमेरिकन असल्यामुळे त्याच वाटेला दुजोरा मिळतो.

येथे आल्यावर चक्राला दिवेलागणीला रोझरी म्हणण्याची जुनी रीत आयतीच भेटली, फरचा वृक्ष मात्र भेटला नाही. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर सुरूच्या फांद्या किंवा बाजारातील प्लास्टिकची डहाळी त्याच्या जागी चालवून घेतली जाते. तिकडे विखर्नच्या मूळ पद्धतीचे मोठे कडेही जर्मनीत पुन्हा टांगले जाऊ लागले आहे, आणि त्यावरील मेणबत्त्यांची संख्या दरवर्षी पंचांग पाहूनच ठरवावी लागते: २०२२ मध्ये नाताळ रविवारी आला म्हणून ती अठ्ठावीस होती, तर २०२३ मध्ये तो सोमवारी आला म्हणून बावीस.